नामदेवांची ६१ पदं आणि 'शीख म्हणजे शेवटी आपलेच की' हे वाक्य

गोदाकाठचा:

नांदेडला जाऊन आलेला मराठी माणूस परत येताना दोन गोष्टी हमखास घेऊन येतो, एक हातात कडं आणि दुसरं म्हणजे हे वाक्य, "शीख म्हणजे शेवटी आपलेच की, नामदेव महाराज आहेत ना त्यांच्या ग्रंथात". २०१५ ला घुमानला, म्हणजे नामदेव पंजाबात जिथे राहिले त्या गावी, ८८वं साहित्य संमेलन झालं तेव्हापासून तर हे वाक्य फारच चाललंय. आमच्या नात्यातल्या ग्रुपवर दर कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे गुरुनानक जयंतीला, ते एकदा येऊन जातंच.

त्यात चूक काही नाही असं वरवर वाटतं. गुरू ग्रंथ साहिबात, म्हणजे शिखांच्या धर्मग्रंथात, नामदेवांची ६१ पदं आहेत हे खरंच आहे. १४३० पानांचा ग्रंथ (ते पान म्हणत नाहीत, अंग म्हणतात), त्यात कबीर, रविदास, शेख फरीद, जयदेव, त्रिलोचन, धन्ना, सेना असे १५ भगत आहेत आणि त्यात आपले नामदेव. पण ती पदं कुठली आहेत हे कुणी वाचत नाही. मी नागरीत छापलेली प्रत मिळवून वाचली आणि मला प्रश्नच पडले, म्हणून हा धागा.

एक पद बघा, राग गोंड मधलं. सुरुवात अगदी आपल्याला हवी तशी, 'आजु नामे बीठलु देखिआ'. वाटतं आता पंढरी, चंद्रभागा, कर कटावरी. आणि पुढे काय? पांडेजी, तुमची गायत्री लोध्याचं शेत खात होती, त्याने सोटा घालून तिची तंगडी मोडली तेव्हापासून लंगडत चालते. तुमचा महादेव पांढऱ्या बैलावर बसून येताना पाहिला. तुमचा रामचंद्र पण पाहिला, रावणाशी भांडण झालं आणि घरची बायको घालवून बसला. आणि शेवट, 'हिंदू अंन्हा तुरकू काणा, दुहां ते गिआनी सिआणा'. हिंदू आंधळा, तुर्क काणा, दोघांपेक्षा ज्ञानी शहाणा. हिंदू देऊळ पूजतो, मुसलमान मशीद, नाम्याने त्याची सेवा केली जिथे देऊळही नाही आणि मशीदही नाही.

हे पद आज कुणी फेसबुकवर नाव न देता टाकलं तर काय होईल ते सांगायला नको. तर माझा प्रश्न असा की नामदेवांचं बोट धरून आपण शिखांना 'आपलेच' म्हणतो, पण त्यांच्या ग्रंथातला नामदेव आपल्याला तरी 'आपला' वाटतो का?

---

शंकासुर:

धागा चांगला आहे पण निष्कर्षाची घाई होतेय. एक पद उचलून पूर्ण नातं कसं काय तुटतं? मूलमंत्राची, म्हणजे ग्रंथाच्या पहिल्याच मंत्राची, सुरुवात 'इक ओंकार', ग्रंथात पानोपानी राम, हरी, गोविंद, मुरारी. कर्म मानतात, पुनर्जन्म मानतात, चौऱ्यांशी लक्ष योनी मानतात, दिवाळी करतात, नववे गुरू काश्मिरी पंडितांसाठी गेले. मग उरलं काय वेगळं? केस आणि कृपाण? उद्या वारकरी पण म्हणतील आम्ही वेगळा धर्म. आणि तो 'नामा' आपलाच नामदेव कशावरून, विष्णुदास नामा वगैरे बरेच नामे होऊन गेले.

---

पिंपळपान:

@शंकासुर, शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते. एकच नामदेव की दोन यावर अभ्यासकांत वाद आहे, खरं आहे. पण ग्रंथातल्या पदांतला नामा विठ्ठलाचं नाव घेतो, स्वतःला छिपा म्हणजे कापड रंगवणारा-छापणारा म्हणवतो (आपल्याकडे शिंपी), आणि देवळातून हाकलल्यावर देऊळ फिरल्याची गोष्ट सांगतो. 'हसत खेलत तेरे देहुरे आइआ, भगति करत नामा पकरि उठाइआ'. हसत खेळत तुझ्या देवळी आलो, भक्ती करताना नाम्याला धरून उठवलं. ही औंढा नागनाथाचीच कथा आहे की. पंजाबातली परंपरा तर याच नामदेवांना मानते, घुमानला त्यांचं स्थान आहे. ते पुरेसं आहे.

आता ओंकार आणि राम. गुरू अर्जनांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला, हरमंदिरात (अमृतसरचं सुवर्णमंदिर) ठेवला, बाबा बुढ्ढा पहिले ग्रंथी. तो करताना भगतांची वाणी त्यांनी सरसकट घेतली नाही, निवडून घेतली. निवडीचा निकष ग्रंथ वाचला की आपोआप दिसतो, एकच अकाल पुरुख म्हणजे काळापलीकडचा देव, जो जन्माला येत नाही. मूलमंत्रातच 'अकाल मूरति अजूनी' आहे. अजूनी म्हणजे योनीत न येणारा, अवताराला तिथेच दार बंद. म्हणून राम हे नाव आहे पण दशरथाचा मुलगा देव म्हणून नाही. अल्ला पण आहे, खुदा पण आहे, तुमच्या हिशोबाने मग तो इस्लामचा पंथ म्हणायचा का? पाचव्या गुरूंच्या नावावर असलेलं पद आहे, 'ना हम हिंदू न मुसलमान, अलह राम के पिंडु परान'. शेवटी त्यात कबीराची मुद्रा (नाममुद्रा) आहे, म्हणजे कबीराच्या सुरात सूर मिसळून म्हटलेलं. ४०० वर्षांपूर्वी हे ग्रंथात लिहून ठेवलंय, कुणी आज राजकारणासाठी काढलेलं नाही.

कर्म-पुनर्जन्माचं म्हणाल तर ते जैन-बौद्धांतही आहे, त्याने कुणी हिंदू ठरत नाही. उलट जे नाकारलंय ते बघा ना, वेद प्रमाण नाहीत, मूर्ती नाही, अवतार नाही, उपास-तापास नाहीत, सोवळं नाही, जानवं नाही. आणि मधे जे आहे, हउमै म्हणजे मीपणा आणि त्याच्या पलीकडे हुकूम, त्याच्या मर्जीने चालणं, ते नानकांचं स्वतःचं आहे. नाम जपो, किरत करो, वंड छको, म्हणजे नाव घ्या, कष्टाचं खा, वाटून खा. संन्यास नाही, घरदार करून हे करायचं. एवढं ज्याला कळलं त्याला पुढचं सगळं कळतं.

---

रानवाटा:

प्रतिसाद आवडला पिंपळपान. जानव्यावरून एक ॲड करतो कारण मला हे शीख इतिहासातलं सगळ्यात जबरदस्त वाटतं.

ग्रंथातल्या आसा दी वार या रचनेत नानकांचं आहे, 'दइआ कपाह संतोखु सूतु, जतु गंढी सतु वटु'. दयेचा कापूस, संतोषाचं सूत, संयमाच्या गाठी, सत्याचा पीळ, असं जानवं असेल तर घाल बाबा पंडित. म्हणजे पहिल्या गुरूंनी जानवं नाकारलं. आणि नववे गुरू तेगबहादूर १६७५ ला दिल्लीत चांदणी चौकात कशासाठी मारले गेले? दुसऱ्यांच्या जानव्यासाठी. गुरू गोविंदसिंगांच्या नावावरच्या बचित्तर नाटकात ओळ आहे 'तिलक जंञू राखा प्रभ ता का', त्यांचा टिळा आणि जानवं राखलं. त्यांच्या, आपलं नाही. स्वतः ज्या गोष्टीत काही अर्थ बघत नाही ती दुसऱ्याला पाळता यावी म्हणून डोकं द्यायचं. त्यांचे साथीदार मतीदास, सतीदास, दयाला आधी गेले, गुरूंच्या डोळ्यासमोर.

आपण काय करतो, 'ते आपल्यासाठी मेले म्हणजे ते आपलेच' म्हणून मोकळे होतो. अहो ते आपले नव्हते म्हणून तर त्या मरणाला एवढी किंमत आहे!! आपल्या माणसासाठी कुणीही मरतं.

---

शंकासुर:

भावनिक आहे पण ठीक. मग सरळ म्हणा ना की मुघलांनी शिखांवर अत्याचार केले, गुरू अर्जन १६०६, तेगबहादूर १६७५, साहिबजादे म्हणजे गुरू गोविंदसिंगांची मुलं, त्यातली धाकटी दोन भिंतीत. हिंदू आणि शीख एका बाजूला, ते दुसऱ्या बाजूला. हा तर इतिहास आहे की नाही?

---

नांदेडकर:

शंकासुर भाऊ, अत्याचार झालेच, ते कोण नाकारतंय. पण बाजू तुम्ही म्हणता तशा पडल्या नाहीत. आमच्या नांदेडचंच बघा. गुरू गोविंदसिंग दक्षिणेत आले कुणाबरोबर? बहादूरशहाबरोबर, म्हणजे औरंगजेबाचाच मुलगा. जाजऊच्या लढाईत गुरूंनी त्याला मदत केली होती. नांदेडात हल्ला केला पठाणाने, परंपरा सांगते की सरहिंदच्या वजीरखानाने पाठवलेला. ७ ऑक्टोबर १७०८ ला गुरू गेले, जाण्याआधी ग्रंथालाच गुरुपद दिलं. माधोदास बैरागीला बंदा (बंदा बहादूर) केला तोही इथेच, बंदा घाट म्हणून गुरुद्वारा आहे.

आणि त्याआधी पंजाबात आनंदपूरला वेढा कुणी घातला? मुघलांबरोबर डोंगरी राजे होते, सगळे हिंदू राजपूत. १६८८ ला भंगाणीची लढाई तर डोंगरी राजांशीच, आणि तिथे गुरूंच्या बाजूने सढौऱ्याचा पीर बुद्धूशहा आपली पोरं आणि मुरीद म्हणजे शिष्य घेऊन उतरला, त्याची पोरं कामी आली. चमकौरच्या लढाईनंतर माछीवाड्याच्या रानातून गुरूंना पालखीत 'उच्च दा पीर' म्हणून बाहेर काढलं गनीखान नबीखान या दोन पठाणांनी. साहिबजाद्यांना पकडून देणारा गंगू ब्राह्मण, त्यांना मारा म्हणून दरबारात सल्ला देणारा दिवाण सुच्चानंद, आणि भर दरबारात हा अन्याय आहे म्हणणारा मालेरकोटल्याचा नवाब शेर मुहम्मद खान, जो स्वतः गुरूंशी लढलेला होता. परंपरेत हे असंच सांगतात. त्या 'हा दा नारा'ची, म्हणजे नवाबाच्या त्या निषेधाची, आठवण एवढी टिकली की १९४७ ला सगळा पंजाब पेटला, शीख आणि मुसलमान एकमेकांना गावंच्या गावं कापत होते, पण मालेरकोटल्याला हात लागला नाही.

अजून एक. सचखंडची, म्हणजे नांदेडच्या मुख्य गुरुद्वाऱ्याची, आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी बांधवली, १८३२ ते ३७. राज्य कुणाचं? निजामाचं. निजामाचा दिवाण चंदूलाल, तो पंजाबी खत्री. त्याच काळात लाहोरहून शीख शिपाई निजामाच्या चाकरीत आले, लाहोरी फौज म्हणायचे. आमच्याकडच्या दखनी शिखांतली बरीच घरं तिथून सुरू होतात, घरी पंजाबी, बाहेर हिंदी मराठी तेलुगू सगळं.

---

चहाबाज:

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो पण धागा भलताच सभ्य निघाला 😄

नांदेडकर, एक शंका. तुमच्याकडे आरती होते, दिवे ओवाळतात, गोदावरीचं पाणी घागरीत आणून स्नान घालतात, दसऱ्याला बकरा कापून शस्त्रांना टिळा लावतात असं ऐकलंय. हे तर अगदी आपल्यासारखंच. मग मूर्ती नाही कर्मकांड नाही म्हणणाऱ्यांना हे चालतं?

---

नांदेडकर:

सगळ्यांना नाही चालत. अमृतसरहून आलेले काही जण नाक मुरडतात. शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, हे एक (बाकी अकाल तख्त, आनंदपूरचं केशगढ, पाटणा, दमदमा), पण कारभार शिरोमणी कमिटीकडे (पंजाबातले गुरुद्वारे सांभाळणारी समिती) नाही, १९५६ च्या वेगळ्या कायद्याखाली वेगळं बोर्ड आहे. त्यामुळे जुन्या चाली टिकल्या. दशम ग्रंथ, म्हणजे गुरू गोविंदसिंगांच्या नावावरचा ग्रंथ, त्याचा प्रकाश (उघडून मांडणं) पण गुरू ग्रंथासोबत होतो इथे, पंजाबात त्यावरून भांडणं आहेत. मुख्य पुजारी आजन्म ब्रह्मचारी लागतो, बाकी शिखांत गृहस्थाश्रमाचं एवढं माहात्म्य असून. इथली माणसं म्हणतात की हीच गुरूंच्या फौजेची जुनी मर्यादा, पंजाबवाल्यांनी नंतर बदलली. पंजाबवाले म्हणतात आजूबाजूचं बघून तुम्ही घेतली. दोघांचंही थोडं थोडं खरं असावं, माझा काही अभ्यास नाही, मी आपला होळीला हल्ला-महल्ला बघायला जाणारा माणूस.

---

ब्रॅम्प्टनकर:

इकडे माझे अर्धे शेजारी पंजाबी आहेत. पहिल्या वर्षी मी कौतुकाने म्हणालो होतो शेजारच्या अंकलना की तुम्ही तर हिंदू धर्माची तलवार. ते चहा पाजून शांतपणे म्हणाले, बेटा, तलवार वेगळी आणि हात वेगळा असतो का कधी? मग हात कुणाचा ते पण सांग. मला उत्तर देता आलं नाही.

नंतर बरंच वाचलं. १९व्या शतकापर्यंत पंजाबात या रेषा खरंच पुसट होत्या. एकाच घरात थोरला मुलगा केसधारी शीख आणि बाकीचे हिंदू, लग्नं आपापसात. गुरुद्वारे उदासी महंतांच्या ताब्यात (उदासी म्हणजे नानकांचे चिरंजीव श्रीचंद यांचा पंथ), अगदी हरमंदिराच्या परिक्रमेत मूर्ती होत्या, १९०५ ला काढल्या. १८७३ ला सिंग सभा ही शीख सुधारणा चळवळ सुरू झाली, ख्रिस्ती मिशनरी आणि आर्य समाज दोघेही ओढत होते, आर्य समाज तर 'शुद्धी' करायला लागला. त्या ओढाताणीत १८९८ ला काहनसिंग नाभा यांचं 'हम हिंदू नहीं' आलं. मग १९०९ चा आनंद विवाह कायदा, मग अकाली चळवळ, १९२१ ला ननकाना साहिबला महंताच्या माणसांनी केलेली कत्तल, आणि १९२५ चा गुरुद्वारा कायदा. तेव्हा ज्यांना वाटतं वेगळेपण इंग्रजांनी शिकवलं त्यांनी हे बघावं की गुरुद्वाऱ्यांसाठी शीख इंग्रज सरकारशीच भांडले, तुरुंगात गेले, लाठ्या खाल्ल्या.

स्वतंत्र भारतात काय झालं? घटनेच्या २५व्या कलमात एक स्पष्टीकरण कृपाण बाळगण्याचा हक्क देतं आणि दुसरं म्हणतं की देवळं खुली करण्याच्या संदर्भात हिंदू या शब्दात शीख, जैन, बौद्ध धरावेत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात पण शीख आत. १९८४ ला अकाली नेत्यांनी त्या कलमाची प्रत जाहीरपणे जाळली होती. त्यानंतर जूनमध्ये (ऑपरेशन ब्लू स्टार) आणि नोव्हेंबरमध्ये (शीखविरोधी हिंसाचार) काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात इथे शिरत नाही, त्याला वेगळा धागा लागेल. आनंद विवाहाची नोंदणी करायची सोय केंद्राच्या कायद्यात आली २०१२ ला. म्हणजे आपल्या रीतीने केलेलं लग्न आपल्या नावाच्या कायद्याखाली नोंदवायला इतकी वर्षं. 'आपलेच' म्हणणाऱ्यांनी हे पण सांगावं ग्रुपवर.

---

शंकासुर:

पण मर्यादा ठरवून ठरवून वेगळं केलं हे तर तुम्हीच सांगताय ना ब्रॅम्प्टनकर. आधी पुसट होतं, मग कमिट्यांनी रेषा मारली. १९४५ च्या रहत मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, तर लिहिलंय की जो दुसरा कुठला धर्म मानत नाही तो शीख. मग सहजधारी (केस न राखणारे), नामधारी (जिवंत गुरू मानणारे), आमच्या उल्हासनगरचे सिंधी, ज्यांच्या घरी झुलेलाल पण आणि गुरू ग्रंथ पण, त्यांचं काय?

---

पिंपळपान:

हा तुमचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. सिंध्यांचं उदाहरण फार चांगलं दिलंत. रेषा मारली की कुणीतरी रेषेवर सापडतंच. रबाबींचं, म्हणजे रबाब वाजवून कीर्तन करणाऱ्यांचं, तेच झालं. नानकांबरोबर हिंडणारा मरदाना मुसलमान, मिरासी म्हणजे गाणाऱ्या जातीतला. त्या परंपरेतले मुसलमान रबाबी हरमंदिरात कीर्तन करायचे, थेट १९४७ पर्यंत. फाळणीत ते लाहोरकडे गेले आणि ते सगळं गाणंच तिथून गेलं. ग्रंथात फरीद आहेत, हरमंदिराचा पाया मियां मीर या सूफीने घातला असं परंपरा सांगते, आणि तिथेच पिढ्यानपिढ्या गाणाऱ्यांना राहता आलं नाही.

पण एक फरक करते. रेषा कुणी मारायची? ज्याचं घर त्याने मारली तर ते त्यांचं आपसातलं भांडण आहे, आणि ते जोरात चालू आहे त्यांच्यात. शेजाऱ्याने येऊन रेषा पुसली तर ते वेगळं.

---

रोखठोक:

सगळे छान छान बोलताय पण जात कुणीच काढली नाही, मराठी धाग्यावर नवलच म्हणायचं 😏

१६९९ च्या बैसाखीला पंचप्यारे उभे राहिले, लाहोरचा खत्री, हस्तिनापूरचा जाट, पुरीचा पाणक्या, द्वारकेचा छिपा आणि आपल्या शेजारच्या बिदरचा न्हावी. एका बाटीतून अमृत पिऊन सगळे सिंग. आणि मग गुरूंनी त्यांच्याच हातून स्वतः अमृत घेतलं, हे तर कुठल्या धर्मात ऐकलंय? लंगर पण तेच, पंगतीत भेद नाही.

म्हणूनच बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केल्यावर शीख धर्माचा गंभीरपणे विचार केला होता. एप्रिल १९३६ ला ते अमृतसरच्या शीख मिशन परिषदेला गेले, हिंदू महासभेच्या डॉ. मुंज्यांशी यावरच त्यांची बोलणी झाली. माटुंग्याचं खालसा कॉलेज १९३७ चं, त्याच हालचालीतून आलेलं. रोज त्याच्यासमोरून जाणाऱ्या किती जणांना माहीत असतं?

शेवटी त्यांनी तो रस्ता घेतला नाही. कारणं बरीच सांगतात, मी एकच सांगतो जे डोळ्यांना दिसतं. पंजाबच्या गावात आजही मजहबी (दलित) शिखांची वस्ती वेगळी, कित्येक ठिकाणी गुरुद्वारा वेगळा, मसणवटा वेगळा. ग्रंथात रविदास आहेत पण २००९ ला व्हिएन्नात रविदासियांच्या (रविदासांना मानणारे दलित) संतांवर हल्ला झाला आणि २०१० ला त्यांनी रविदासिया धर्मच वेगळा जाहीर केला, स्वतःचा ग्रंथ केला. तेव्हा सरकारी यादीत १९५६ पासून दलित शीख अनुसूचित जातीत आहेत ते काही उगाच नाही. धर्माने जात नाकारली, जमिनीने नाही नाकारली. जमीन जाटांची.

---

रानवाटा:

@रोखठोक +१. आणि गंमत म्हणजे याबाबतीत शीख खरंच 'आपलेच' आहेत. संतांनी सांगितलं एक आणि गावाने केलं एक, हे आपल्यालाही चांगलं जमतं. नामदेव ग्रंथात मानाने गेले आणि चोखोबा पायरीशी राहिले.

अवांतर, मराठ्यांचा विषय निघाला नाही म्हणून. १७५८ च्या मार्चमध्ये सरहिंद घेताना मराठे आणि शीख एकत्र होते, तिथून राघोबादादा लाहोरला गेले. ते काही धर्मबंधुत्व नव्हतं, अब्दालीचा काटा काढायचा होता. आणि १८०५ ला यशवंतराव होळकर मदत मागायला अमृतसरला रणजितसिंगांकडे गेले तर त्यांनी जानेवारी १८०६ ला इंग्रजांशी तह करून टाकला. आपलेच असते तर ना! राजकारणात दोघांनी आपापलं बघितलं आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

---

गोदाकाठचा:

धागा माझ्या अपेक्षेपेक्षा फार चांगला चाललाय, सगळ्यांना धन्यवाद. २६ डिसेंबरचा वीर बाल दिवस आला की हेच परत होतं बघा. २०२२ पासून सरकारी पातळीवर पाळतात, पण नाव बदला म्हणून शिरोमणी कमिटीनेच मागणी केली, त्यांना 'साहिबजादे शहादत दिवस' हवं होतं. आदर करणाऱ्याने नाव सुद्धा आपल्याच पसंतीचं ठेवायचं, हे जरा जास्तच होतं.

माझं मत म्हणाल तर नातं आहे, घट्ट आहे, पण ते नामदेवांनी इथून तिकडे जाऊन जोडलेलं आहे. ते गेले, तिकडे राहिले, त्यांच्या बोलीत बोलले, आणि तिथल्या लोकांनी त्यांना स्वतःच्या कसोटीवर घासून ग्रंथात घेतलं. आपण मात्र जागचं न हलता त्यांना इकडे ओढतोय.

@शंकासुर तुम्हाला पटलं नसेल माहीत आहे.

---

शंकासुर:

अर्धं पटलं. सिंध्यांचं उत्तर अजून मिळालं नाही 😄

त्या लंगड्या गायत्रीच्या पदाचा पूर्ण पाठ टाका इथे, मला माझ्या कीर्तनकार मामांना दाखवायचंय. ते चिडतात की डोलतात ते बघून सांगतो.

---

चहाबाज:

घुमानला जायचं तर कसं जायचं? नांदेडहून सचखंड एक्सप्रेस अमृतसरला जाते एवढं माहीत आहे.

---

नांदेडकर:

अमृतसरला उतरा, हरमंदिर बघा, रात्री पालखीच्या वेळेला जा. मग बटाल्यामार्गे बसने किंवा गाडीने घुमान, गुरदासपूर जिल्ह्यात आहे. माघात मेळा असतो तेव्हा गेलात तर आणखी बरं, थंडी मात्र मरणाची. खिशात तंबाखूची पुडी ठेवू नका, मराठी माणसाला सांगावं लागतं. रुमाल न्या डोक्याला. आणि लंगरमध्ये पोळी मागताना दोन्ही हात पुढे करायचे, एका हाताने घेत नाहीत.

---

पिंपळपान:

@शंकासुर पाठ टाकते रात्री, अंग ८७४-८७५. मामांची प्रतिक्रिया न गाळता लिहा.